भिंतीला रेनकोट नको

जुन्या इमारतींविषयी तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत. आजोबांचं किंवा पणजोबांचं दुकान बंद पडलंय, इमारत अजून उभी आहे, आणि आता तिच्यात लहान लहान ऑफिसं काढून भाड्याने द्यायची आहेत. त्यामुळे गच्चीच्या गळतीवाल्यांनी एक महिना थांबावं. हा अंक दुकानांचा.

प्रश्न: ताई, रविवार पेठेत आमची तीन मजली इमारत आहे. खाली पणजोबांपासूनचं काष्ठौषधींचं दुकान, पहिल्या मजल्यावर गोदाम, वरती आम्ही राहायचो. दर्शनी रुंदी २२ फूट, आत ७० फूट खोल, मध्ये ९ बाय १२ चा चौक. भिंती दोन फुटी, खांब-तुळया सागवानी, वर मंगलोरी कौलं. दुकान चार वर्षांपूर्वी बंद केलं, आई आता आमच्याकडे कोथरूडला असते. धाकटा भाऊ म्हणतो बिल्डरला देऊन टाका. मला मोडवत नाही. मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून ऑफिसला जागा मिळेल का म्हणून लोक विचारत येतात. एक एजंट पाहून गेला. प्लायवूडची पार्टिशनं घातली तर चौदा केबिन निघतील म्हणाला, चौकावर स्लॅब टाकली तर सोळा. जमेल का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: जमेल. पण चौदा नाहीत, आणि सोळा तर नाहीतच नाहीत.

सुरुवात सिटी सर्व्हेच्या उताऱ्यापासून करा. मालमत्ता पत्रकावर आज कोणाचं नाव आहे ते बघा. पेठेतल्या दहा इमारतींपैकी किती ठिकाणी पणजोबाच अजून मालक असतात, ते मी सांगायला नको. वारसांची नावं लागलेली नसतील तर आधी ते काम, आणि भावाची लेखी संमतीही आधी. मी दोन कामं अर्ध्यात सोडून आले आहे. दोन्ही ठिकाणी भिंती ठणठणीत होत्या, भाऊच एकमेकांशी बोलत नव्हते.

दुसरी खेप महापालिकेत. तुमची इमारत वारसा यादीत आहे का, असेल तर कोणत्या श्रेणीत, हे विचारून घ्या. पहिल्या श्रेणीत असेल तर हात लावण्याआधी शंभरदा विचार करावा लागेल, तिसऱ्या श्रेणीत आतल्या बदलांना बरीच मोकळीक मिळते. यादीत नसली तरी राहत्या मजल्याची ऑफिसं करायची म्हणजे वापर बदलला. त्याची परवानगी लागते, मिळकत करही बिगरनिवासी दराने येतो. हा कर धरूनच भाड्याचं गणित मांडा, नाहीतर पहिल्या मार्चमध्ये घाम फुटेल.

आता इमारतीकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, "गोदामात पोती रचलेली असायची, तेव्हा ऑफिसचं वजन कसंही पेलेल." हे मला प्रत्येक मालक सांगतो. पोती पेलली हे खरं. पण पोती भिंतीच्या कडेने रचत आणि मधली वाट हमालाला मोकळी ठेवत. तुळईवर बरंचसं वजन टोकांपाशी यायचं, तिथल्या वजनाने ती कमी वाकते. ऑफिसवाला मात्र खोलीच्या मधोमध टेबल मांडणार आणि त्याच्या पाठीशी फाइलींचं लोखंडी कपाट उभं करणार.

भारतीय मानकाप्रमाणे, कागदपत्रं वेगळ्या खोलीत ठेवणारं ऑफिस असेल तर जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २५० किलो वजन धरतात. कागद तिथेच साठवणार असाल तर ४००. आपल्या भाषेत, चौरस फुटाला २३ किलो आणि ३७ किलो. फरक सगळा कागदाचा आहे. झेरॉक्सच्या कागदाचं एक रिम हातात घेऊन बघा, सव्वादोन किलोच्या वर भरतं. अशी दहा रिमं एका खोक्यात, आणि सी.ए.कडे सात वर्षांची खोकी!

म्हणून माझी पद्धत अशी, की भाडेकरू वजनावर ठरवायचे. सी.ए., वकील, छापील माल ठेवणारे, पार्सलं पाठवणारे हे सगळे तळमजल्यावर, दगडी जोत्यावर. लॅपटॉपवाले, ड्रॉइंगवाले, भाषांतर करणारे, शिकवणीचे ऑनलाइन वर्ग घेणारे हे माडीवर. एजंटाला हे पटणार नाही, कारण त्याला माडी म्हणजे स्वस्त आणि तळमजला म्हणजे महाग एवढंच ठाऊक. स्ट्रक्चरल इंजिनिअरला मात्र पटेल. आणि त्याला आणाच. लाकडी इमारतीत काम केलेला आणा, फक्त आरसीसीवाला नको. तो येईल आणि पहिल्याच दिवशी "पाडा" म्हणून लिहून देईल.

तो येण्याआधी तुम्ही स्वतः एक काम करू शकता. पावसाळ्याच्या शेवटी, भिंती ओल्या असताना, लाकडी हातोडी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन पहिल्या मजल्यावर जा. प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं, जिथे ती भिंतीत घुसते तिथे, ठोकून बघा. निरोगी सागवान खणखणीत वाजतं. आवाज बद्द आला की स्क्रू ड्रायव्हर टोचा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर तिथे खडूने फुली करा. तुळई मधे सहसा कुजत नाही. ती कुजते भिंतीतल्या टोकाला, कारण ओल तिथे बसते आणि वारा लागत नाही. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेलं टोक कापून त्याच जुन्या सागवानाचा तुकडा सांधायचा, दोन बाजूंना पोलादी पट्ट्या, आरपार बोल्ट. पट्ट्या दिसतील. दिसू द्या.

चौकावर स्लॅब टाकायचा विषयच काढू नका. मे महिन्यात दुपारी तीनला पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उदबत्ती लावून उभे राहा. धूर कुठे जातो बघा. रस्त्याकडून आत ओढला जाऊन चौकातून वर निघतो. सत्तर फूट खोल इमारतीत मधल्या खोल्यांना उजेड आणि हवा देणारी ही एकच जागा आहे. ती बुजवलीत की मधली सगळी ऑफिसं दिवसभर ट्यूबलाइट आणि एसीवर, आणि बिलं बघून भाडेकरू सहा महिन्यांत चालते होतील. पाऊस आत येतो म्हणून झाकायचंच असेल तर कौलांच्या वर उचललेलं, चारी बाजूंनी हवा खेळती ठेवणारं पारदर्शक छप्पर घाला.

संडास-बाथरूम. इथे सगळे चुकतात. प्रत्येक मजल्यावर, लाकडी जमिनीवर, मध्येच कुठेतरी टाइल्स लावून मोरी काढतात, आणि तीन वर्षांनी खालच्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी छतावर, काळा डाग दिसायला लागतो. ओली कामं सगळी मागच्या बोळाच्या बाजूला, वेगळ्या पायावर, लोखंडी सांगाड्यावर एकावर एक उभी करा. जुन्या भिंतीला नुसती टेकलेली, तिच्यात रोवलेली नाहीत. पाइप बाहेरून. एसीची बाहेरची पेटीही तिकडेच, आणि तिच्या पाण्याची नळी थेट गटारापर्यंत नेलेली. दर्शनी भिंतीवर एसीचं पाणी ठिबकत ठेवणं म्हणजे भिंतीला सलाइन लावल्यासारखं आहे, फक्त उलट्या परिणामाचं.

आता लोणा. तळमजल्याच्या भिंतीला छातीपर्यंत पांढरं पीठ सुटतं म्हणालात. गवंडी म्हणेल सिमेंट प्लास्टर करून टाकू. मीही एकदा म्हटलं होतं. नवी नवी होते, १९९३ साल असेल, साताऱ्याकडची एक दुकानाची इमारत होती. विटांच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीला मी छान गुळगुळीत सिमेंटचा गिलावा दिला, वरून ऑइलपेंट. मालक खूश. दोन पावसाळ्यांनी फोन आला. लोणा छातीवरून डोक्याच्या वर चढला होता, गिलाव्याचे फुगे आले होते, आणि भिंतीला लागून ठेवलेल्या वह्यांचे खालचे कोपरे बुरसटले होते. ज्या म्हाताऱ्या गवंड्याचं मी ऐकलं नव्हतं, त्यालाच बोलावलं. त्याने नखाने एक पापुद्रा काढला आणि म्हणाला, "बाई, भिंतीला घाम येतो. तुम्ही तिला रेनकोट घातलात." सगळं खरवडून काढलं, माझ्या खर्चाने.

जमिनीतली ओल चुन्याच्या भिंतीत चढते आणि वाऱ्याने सुकून जाते. सिमेंट तिला अडवतं, मग ती वर वाट शोधते आणि बरोबर मीठ नेते. उपाय कंटाळवाणा आहे. जुना सिमेंटचा गिलावा असेल तो काढायचा, रस्त्याची पातळी जोत्याच्या वर आलेली असेल तर कडेने चर खणून पाण्याला वाट द्यायची, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवायची, आणि मग भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा द्यायचा. गूळ-हिरड्याचं पाणी घालणारे गवंडी अजून मिळतात, शोधावे लागतात. वरून चुन्याचीच सफेदी. वॉलपेपर, पीव्हीसीचे पॅनल, "डॅम्पप्रूफ" कोट यातलं काही नको. भाडेकरूला आधीच सांगा, की कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब.

वायरिंग पूर्ण नवीन. भिंतीत झिरी मारून नाही, उघड्या लोखंडी नळ्यांतून. तरुण भाडेकरूंना ते आवडतंही, कॅफेतल्यासारखं दिसतं म्हणतात. त्यांच्या आवडीचा फायदा घ्या. प्रत्येक ऑफिसला वेगळं सबमीटर, आणि एकूण भार किती होतो ते काढून महावितरणकडे आधी अर्ज. पेठेतल्या जुन्या जोडणीवर आठ एसी चालणार नाहीत.

आणि आग. लोकांना वाटतं लाकडी इमारत म्हणजे काडेपेटी. जाड सागवानी तुळई सावकाश जळते, बाहेरचा कोळसा झालेला थर आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. भराभर पेटतं ते एजंटाचं प्लायवूड आणि त्याने सुचवलेलं फॉल्स सीलिंग. फॉल्स सीलिंगच्या वर काय चाललंय ते कोणाला दिसतही नाही, मग वायर तापलेली असो की वाळवी लागलेली. कडीपाट उघडा ठेवा. पार्टिशन घालायचीच तर जिप्समची, दोन खांबांच्या मध्ये, छतापर्यंत न नेलेली. तुमची खरी अडचण एकच अरुंद जिना. मागच्या बोळात उतरणारा दुसरा लोखंडी जिना केल्याशिवाय माडीवर माणसं बसवू नका. अग्निशमन दलाकडे नकाशा आधी दाखवा. राज्याचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा लागू झाला, तर दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणीचा दाखला घ्यावा लागतो, तोही वर्षाच्या खर्चात धरा.

आता आकडा. तुमच्या मापांवरून मी कागदावर रेघा मारल्या. भिंती, जिना, चौक आणि त्याच्या भोवतालची ओसरी वजा केली. तळमजल्यावर दोन ऑफिसं आणि पुढची पडवी सगळ्यांना येण्याजाण्याला. गोदामाच्या मजल्यावर चार, प्रत्येकाची एक बाजू चौकाला किंवा रस्त्याला उघडणारी. वरच्या मजल्यावर दोन, आणि जिथे तुमचं देवघर होतं ती खोली सगळ्यांच्या बैठकीला. म्हणजे आठ आणि एक. एजंटाच्या चौदांपेक्षा बरीच कमी. पण ही आठ टिकतील, आणि भाडेकरू पावसाळ्यातही राहतील.

भावाला नुसतं पत्र पाठवू नका. इमारतीत बोलवा, चहा तिथेच करा.

प्रश्न: काळबादेवीत माझं पागडीचं दुकान आहे. कापडाचा धंदा आता बसला. दुकानाची उंची सोळा फूट आहे. आत लोखंडी पोटमाळा टाकून, खाली चार आणि वर सहा टेबलं लावून ती एकेकट्या काम करणाऱ्यांना महिन्याने देईन म्हणतो. मालकाला विचारायला हवं का?

उत्तर: हवं, आणि लेखी. तुम्ही भाडेकरू आहात, पागडी कितीही मोजलेली असली तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये जागा खाली करून घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे एक आहे. टेबल भाड्याने देणं म्हणजे पोटभाडेकरू की नुसती सेवा, यावर दोन वकील दोन मतं देतील आणि तुमची दहा वर्षं कोर्टात जातील. मालकाला वाटा द्या आणि करार करून घ्या.

पोटमाळ्याचं दुसरंच. तुमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, असण्याची शक्यता मोठी आहे. मुंबई बेटावरच्या अशा इमारतींच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतं. त्यांना आणि महापालिकेला न विचारता लोखंडाचे खांब उभे केलेत, तर शेजारच्याची एक तक्रार पुरते.

आणि हे नुसतं कागदोपत्री भय नाही. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन तुम्ही रोज बघत असाल. मूळचं वॉटसनचं हॉटेल, १८६० च्या दशकातलं, ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आणून उभा केलेला. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. हॉटेल बंद पडल्यावर आत लहान लहान गाळे पाडले. राहायला, वकिलांना, छोट्या धंदेवाल्यांना. म्हणजे तुमच्या मनात आहे तेच. प्रत्येकाने आपल्या गाळ्यापुरतं बघितलं. कोणी भिंत घातली, कोणी माळा टाकला, सामाईक सांगाड्याकडे कोणाचंच लक्ष नाही. २००५ साली सज्जाचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. वास्तू उत्तम, आणि लहान ऑफिसं हा वापरही वाईट नव्हता. एकूण वजनाचा हिशोब ठेवणारं एक माणूस नव्हतं.

तुमच्या दुकानात माळा न टाकता चार टेबलं लावा. बाकी उंची राहू द्या, मुंबईच्या उकाड्यात ती पंख्याचं काम करते.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. तुम्ही चुना, सागवान, म्हातारे गवंडी सांगता. हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आम्हाला भाड्याच्या पैशातून काम करायचंय. काय करायचं?

उत्तर: राग समजला. अर्धा योग्यही आहे. चांगलं चुनाकाम महाग पडतं, कारण ते करणारे कमी उरलेत.

पण क्रम नीट लावलात तर एकदम पैसे लागत नाहीत. आधी छप्पर आणि पन्हळी: कौलं उतरवून, फुटकी बदलून, रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, तपासून परत घालायची. पाणी आत येणं थांबलं की इमारत तुम्हाला पाच वर्षं देते. मग तळमजला पूर्ण करा आणि भाड्याने द्या. त्याचं भाडं वरच्या मजल्याच्या वायरिंगला. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. दर्शनी भाग रंगवून फोटो टाकतात, आणि पहिल्याच पावसात छत गळतं.

लाकूड जुनं घ्या. वाडे पाडणाऱ्यांकडे खांब, तुळया, दारं मिळतात. नवीन सागवानाहून पुष्कळदा स्वस्त, आणि पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं, त्यामुळे पिळवटत नाही. खिळे काढून, टोकं तपासून घ्या.

आणि भाडेकरूशी करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा, नोंदणी केलेला. तोंडी शब्दावर कोणालाही किल्ली देऊ नका, मेव्हणा असला तरी. एकूण उत्पन्न वर्षाला वीस लाखांच्या वर जाणार असेल तर जीएसटीसाठी सल्लागार गाठा. व्यापारी भाड्यावर तो १८ टक्के आहे, आणि लहान भाडेकरू भाडं ठरवताना तोच आधी विचारतो.

प्रश्न: आमच्या इमारतीत सात लहान कंपन्या आल्या. सातही जणांना रस्त्यावरून दिसेल असा बोर्ड हवाय. एकाला तर अर्धी दर्शनी बाजू झाकणारा फ्लेक्स लावायचाय. नाही म्हटलं तर सोडून जातील.

उत्तर: एक जाईल, सहा राहतील.

मुंबईत दादाभाई नौरोजी रोडला जाऊन या. तो पूर्वीचा हॉर्नबी रोड. तिथल्या इमारतींना तळाशी पादचाऱ्यांसाठी कमानी आहेत, १८९६ च्या नियमाने घालायला लावलेल्या. पुढे बोर्डांनी त्या कमानी झाकून टाकल्या होत्या. दुकानदारांशी बोलून बोर्ड कमानीच्या आत, एका मापात बसवले गेले, आणि त्या कामाची २००४ साली युनेस्कोच्या पुरस्कारांत दखल घेतली गेली. दुकानं चालू आहेत, कोणाचा धंदा बुडाला नाही.

तुम्ही दाराशेजारी एकच पितळी किंवा लाकडी पाटी करा, सात ओळींची, सगळ्यांची अक्षरं सारख्या उंचीची. भाडेकरू बदलला की एक पट्टी बदलायची. खिळे दगडात नका ठोकू, सांध्यातल्या चुन्यात ठोका. दगडातलं भोक बुजत नाही.

प्रश्न: मडगावला आमच्या आजेसासऱ्यांचं दुकान आणि वर घर. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वरच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. एका डिझाइन स्टुडिओला वरचा मजला हवाय, पण त्यांना एसी लागतो, म्हणून शिंपले काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवा म्हणतात.

उत्तर: काढू नका. त्या शिंपल्यांतून येणारा उजेड डोळ्यांना बोचत नाही. संगणकावर काम करणाऱ्यांना त्याहून काय हवं? त्या डिझायनरांना एकदा दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीशी बसवा.

एसीसाठी आतल्या बाजूने, भिंतीच्या जाडीत, दुसरी साधी काचेची झडप बसवा. लाकडी चौकटीत, स्क्रूने, म्हणजे उद्या काढता येईल. चिऱ्यांच्या भिंती जाड असतात, तेवढी जागा सहज मिळते. फुटलेले शिंपले तेवढे बदलता येतात. बाहेरून चिरे उघडे पडले असतील तर चुन्याची सफेदी, दरवर्षी चतुर्थीच्या आधी. चिरा पाणी पितो, त्यालाही रेनकोट नको.

प्रश्न: आमच्याकडे वाईला जुन्या दुकानाच्या दर्शनी भागाला शटर नाही, अकरा सुट्या फळ्या आहेत. प्रत्येकीवर काळ्या रंगात आकडा घातलेला. रोज सकाळी एकेक काढायची, रात्री लावायची. आता आत दोन ऑफिसं होणार. सुतार फळ्या विकत मागतो आहे, शोकेससाठी. त्यातली सातवी फळी पावसात फुगते आणि बसतच नाही. देऊन टाकू का?

उत्तर: मी याच फळ्यांमध्ये वाढले. आमचं दुकान पानसुपारीचं. वडील फळ्या काढायचे आणि मी आकडे मोठ्याने म्हणायचे, पाढ्यांच्या आधी मी ते शिकले. पहिली फळी सगळ्यात शेवटी निघायची, कारण तिच्यातच रात्रीचा छोटा दिंडी दरवाजा. तुमचीही तशीच असेल. तेव्हा सुताराला देऊ नका.

आतून काचेची चौकट बसवा, म्हणजे दिवसा ऑफिस बंदिस्त आणि उजेडाचं. फळ्या रात्रीसाठी राहू द्या. दोन ऑफिसांत मिळून कोणीतरी एक जण त्या लावायला शिकेल. आमच्या एका कामात कुरियर आणणारा मुलगाच शिकला आहे, आणि त्यालाच आता सगळे विचारतात.

फळ्यांना ऑइलपेंट नको. वर्षातून एकदा जवसाचं तेल, फडक्याने, दोन्ही बाजूंना. पॉलिश करायच्या नादात आकड्यांवर सँडपेपर फिरवू नका. खालची खाच, जिच्यात फळ्या बसतात, ती दाभणाने साफ करा. तिथे साठलेली धूळ पाणी धरते आणि फळीचं पायतळ कुजतं.

सातवी तासू नका. आत्ता फुगलेली आहे. दिवाळी होऊ द्या, हवा कोरडी पडली की आपोआप बसेल.